वाचनातून इंग्रजी शब्द: चिनी भाषक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी

चिनी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवायला बसलेल्या मराठी माणसाची पहिली फसगत शब्दसंख्येबाबत होते. समोरचा मुलगा अडखळत बोलतो, बाईला 'ही' आणि बुवाला 'शी' म्हणतो, तेव्हा वाटतं की याला शब्दच येत नाहीत, आधी शब्द पाठ करून घेऊ. प्रत्यक्षात पाठांतर त्याने ढीगभर केलेलं असतं. चीनच्या शालेय अभ्यासक्रमात नववीअखेर सुमारे १६०० आणि बारावीअखेर सुमारे ३००० इंग्रजी शब्द अपेक्षित आहेत. तैवानमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठीची शब्दयादी मुलांच्या तोंडी 'सात हजारी' म्हणूनच असते. चीनमध्ये कॉलेजात गेल्यावर आणखी चौथ्या आणि सहाव्या पातळीच्या इंग्रजी परीक्षा आहेतच. चौथ्या पातळीची १९८७ पासून आणि सहाव्या पातळीची १९८९ पासून चालू आहे. या सगळ्यांसाठी वर्णानुक्रमे छापलेली शब्दांची पुस्तकं मिळतात आणि त्यांच्यावरचा एक विनोद चिनी विद्यार्थ्यांत सर्वांना ठाऊक असतो: पुस्तकातला पहिलाच मोठा शब्द 'अबॅन्डन', तो पाठ झाला की पुस्तक अबॅन्डन करायचं.

खोट आहे ती वेगळीच. एका बाजूला इंग्रजी स्पेलिंग आणि दुसऱ्या बाजूला चिनी अर्थ अशा जोड्या त्याच्या डोक्यात असतात. तो शब्द वाक्यात कोणाच्या शेजारी बसतो, कुठे शोभतो, कुठे खटकतो, हे त्याने पाहिलेलंच नसतं. ही उणीव वाचनातून भरून निघते. पण 'वाच, वाच' म्हणून भरत नाही. त्यासाठी मजकूर निवडण्यापासून वहीत काय लिहायचं इथपर्यंत रीत लागते. ती रीत पुढे सांगतो.

सिंगापूर-मलेशियात शिकवण्या घेणारे, तैवानमधल्या मुलांना ऑनलाइन शिकवणारे, आयईएलटीएसची तयारी करणाऱ्या चिनी प्रौढांना शिकवणारे, आणि पुण्या-मुंबईत मँडरिन शिकता शिकता 'तू मला चिनी, मी तुला इंग्रजी' असा सौदा केलेले, असे सगळे डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. चीनच्या मुख्य भूमीतल्या शाळकरी मुलांना परदेशात बसून शिकवण्या देण्यावर मात्र जुलै २०२१ च्या नियमांनी बंदी आली. तशा नोकरीची जाहिरात कोणी दाखवली तर आधी नीट चौकशी करा.

आपण शिकलो तसे ते शिकणार नाहीत

मराठी मूल शाळेत जाण्याआधी टेबल, बस, डॉक्टर, तिकीट, स्टेशन, ग्लास, लाइट, पंक्चर म्हणत असतं. इंग्रजीचं पहिलं पुस्तक उघडतं तेव्हा शेकडो शब्दांची ओळख फुकटात झालेली असते. मँडरिनमध्ये ही सोय जवळजवळ नाही. कॉफी, सोफा, चॉकलेट असे काही शब्द उच्चारासकट गेले. बाकी बहुतेक वस्तूंना चिनी भाषेने स्वतःचे शब्द घडवले. टेलिफोन म्हणजे 'वीज-बोलणं', कॉम्प्युटर म्हणजे 'वीज-मेंदू', आगगाडी म्हणजे 'आग-गाडी' (हा शब्द बघून मराठी माणसाला बरं वाटेल). महिन्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत: 'एक-महिना', 'दोन-महिना'. आपल्या मुलांच्या तोंडात जानेवारी-फेब्रुवारी आपोआप बसतात, तिथे दहा वर्षांच्या पोराला बाराही नावं नव्याने शिकावी लागतात. मांसाचंही तसंच: 'गाय-मांस', 'डुक्कर-मांस' म्हटलं की भागतं, इंग्रजीत मात्र बीफ आणि पोर्क असे जनावराशी नातं न सांगणारे शब्द येतात.

त्यामुळे तुम्हाला 'अगदी सोपा' वाटणारा उतारा त्याला सोपा असेलच असं नाही. उलट तुम्हाला जड वाटणारा एखादा परीक्षेतला शब्द त्याला स्पेलिंगसकट पाठ असेल. आपल्या अंदाजावर विसंबू नका.

उच्चाराची एक गोष्ट आधीच कळलेली बरी. मँडरिनमध्ये क-ख, प-फ, त-थ हा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे, पण आपल्या ग-ब-द सारखे घोष स्पर्शवर्ण नाहीत. रोमन लिपीत लिहिलेला 'ग' तिकडे आपल्या 'क'च्या जवळ असतो. आपण वर्तमानपत्रात 'गाओकाओ' लिहितो ती चीनची विद्यापीठ प्रवेशपरीक्षा तिथे 'काओखाओ'सारखी ऐकू येते. म्हणून विद्यार्थ्याचा 'बुक' तुमच्या मराठी कानाला 'पुक' वाटू शकतो. शब्द त्याला ठाऊक असतो. शिवाय मुख्य भूमीतली मुलं पिनयिन म्हणजे रोमन अक्षरांत चिनी उच्चार आधी शिकतात. तिथे 'सी' हे अक्षर 'त्स' आहे आणि 'क्यू' हे अक्षर 'छ'च्या जवळचं. नवा इंग्रजी शब्द वाचताना हे मध्ये येतं. तैवानमध्ये शाळेत रोमन अक्षरांऐवजी झुयिन ही वेगळी चिन्हं वापरतात, तिथल्या मुलांचा हा घोळ कमी असतो. पहिल्याच तासाला विद्यार्थी कुठे शिकला ते विचारून घ्या.

पायरी पहिली: मजकूर कितपत कठीण चालेल ते ठरवा

शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं एकच गणित लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा. कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या कामातून हा आकडा रूढ झाला. ९५ टक्के ऐकायला काही वाईट वाटत नाही, पण त्याचा अर्थ दर २० शब्दांत एक अडथळा, अडीचशे शब्दांच्या पानावर बारा-तेरा. इतक्या खड्ड्यांतून वाचणारा माणूस गोष्ट वाचत नसतो, शब्द उपसत असतो.

चाचणी घरगुती करा. मजकुराच्या मधूनच शंभर शब्दांचा तुकडा घ्या, कारण सुरुवात अनेकदा मुद्दाम सोपी लिहिलेली असते. अनोळखी शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगा. दोनपर्यंत रेघा आल्या तर तो मजकूर त्याने एकट्याने वाचायचा. तीन ते पाच आल्या तर तुमच्यासोबत बसून वाचायचा. त्याहून जास्त आल्या तर पुस्तक बाजूला ठेवा, विद्यार्थ्याला ते कितीही आवडो.

इथे एक अडचण येते. 'समजलं का?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येणार. वर्गात 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे स्वतःची आणि लाओशींची, म्हणजे गुरुजींची, दोघांचीही शोभा करणं असं वाटणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. म्हणून समजलं का ते न विचारता समजल्याचं दाखवायला सांगा: चित्र काढ, क्रम लाव, चिनीत सांग. तुम्हाला चिनी येत नसलं तरी हरकत नाही. त्याने चिनीत सांगितलेलं मोबाइलवर उलट भाषांतर करून बघता येतं. आणि रेघा मारायच्या आधी स्पष्ट सांगा की रेघ म्हणजे चूक नव्हे, मला मजकूर निवडायला ती माहिती हवी आहे.

पायरी दुसरी: काय वाचायला द्यायचं

मूळ कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं ९८ टक्क्यांच्या हिशेबाने वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात असा नेशन यांचा अंदाज आहे. शब्दकुटुंब म्हणजे 'हेल्प', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस' हे मिळून एक. बारावी झालेल्या विद्यार्थ्याची पुंजी याच्या निम्म्याहूनही कमी असते. तरीही चिनी पालक किंवा विद्यार्थी स्वतः हट्टाने मोठमोठ्या मासिकांतले लेख घेऊन येतात, कारण परीक्षेतले उतारे तशा लेखांवरून घेतात असं त्यांनी ऐकलेलं असतं. ते लेख आठवड्यातून एकदा तुमच्यासोबत वाचायला ठेवा. रोजच्या वाचनाला पातळीनुसार मर्यादित शब्दांत लिहिलेली पुस्तकंच द्या, ज्यांना ग्रेडेड रीडर म्हणतात.

या पुस्तकांचं मूळ आपल्या उपखंडात आहे, हे फार जणांना माहीत नसतं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याच्या अध्यापक विद्यालयात होते. बंगाली मुलं इंग्रजी बोलण्याआधी वाचायला शिकली तर त्यांच्या जास्त कामाला येईल, असं त्यांचं मत होतं, आणि त्यासाठी त्यांनी नवे शब्द मोजून-मापून आणणारी वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या सोप्या वाचनमाला बराच काळ तिच्यावर उभ्या राहिल्या.

चिनी विद्यार्थ्याला अशी पुस्तकं 'बाळबोध' वाटतात. त्यांच्या शाळेत दोन प्रकारचं वाचन मानतात: चिंगतू म्हणजे बारकाईने, शब्द न् शब्द सोडवत केलेलं, आणि फानतू म्हणजे सैल, पुष्कळ, पुढे जात राहणारं. प्रतिष्ठा पहिल्याला, दुसरं सुट्टीतला उद्योग. ही समजूत मोडायला उपदेश चालत नाही, हिशेब चालतो. मिनिटाला शंभर शब्द या संथ वेगाने रोज वीस मिनिटं वाचलं तर दिवसाला २०००, आठवड्यातल्या पाच दिवसांत १०,००० शब्द डोळ्यांखालून जातात. तेवढ्याच वेळात बारकाईने सोडवलेले उतारे फार तर चार-पाच. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर शेजारी-शेजारी लिहा. आकड्यांना हे विद्यार्थी मान देतात.

मजकुराचा विषय त्याच्या ओळखीचा असेल तर अर्थाचा अंदाज बांधणं फार सोपं जातं. बीजिंग-शांघाय वेगवान रेल्वे २०११ मध्ये सुरू झाली, १३१८ किलोमीटरचा मार्ग. त्या गाडीने गेलेल्या विद्यार्थ्याला तिच्याबद्दलच्या इंग्रजी लेखात 'प्लॅटफॉर्म', 'डिपार्चर', 'कॅरेज' हे शब्द नवे असले तरी प्रसंग नवा नसतो. चांद्र नववर्ष, बास्केटबॉल, डम्पलिंग कसे करतात, मोबाइलवरचे गेम, काहीही चालेल. आणि एक विषय धरला की त्यावरचे चार-पाच वेगवेगळे मजकूर सलग द्या. एकाच विषयाला धरून वाचलं की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. आज बास्केटबॉल, उद्या ज्वालामुखी, परवा बँक असं केलं की प्रत्येक शब्द एकदाच तोंड दाखवून जातो. बहुतेक पाठ्यपुस्तकांची रचना दुर्दैवाने अशीच विखुरलेली असते.

साधनांबाबत एक व्यवहारी सूचना. मुख्य भूमीत गूगल, यूट्यूब, विकिपीडिया आणि बीबीसी सहज उघडत नाहीत, त्यामुळे लिंक पाठवून उपयोग नाही. मजकूर पीडीएफ करून पाठवा. वीचॅट या तिकडच्या मेसेज-ॲपवर नुसता मजकूर टाकलात तर बोट दाबून धरताच त्याचं चिनी भाषांतर समोर येतं, आणि मग वाचन संपलंच. छापून घ्यायला सांगणं सगळ्यात चांगलं. 'चायना डेली' हे १९८१ पासून निघणारं इंग्रजी दैनिक त्यांना सहज मिळतं, पण त्याची भाषा मधल्या पातळीच्या विद्यार्थ्याला जड जाते. त्यातल्या खेळाच्या आणि खाण्याच्या छोट्या बातम्या तेवढ्या उचला.

पायरी तिसरी: पहिलं वाचन शब्दकोशाशिवाय

पहिल्या वाचनात मोबाइल उलटा ठेवायचा. अनोळखी शब्दाखाली पेन्सिलचा ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. शेवटी तोंडी दोनच प्रश्न: कोणाचं काय झालं आणि पुढे काय होईल असं वाटतं? एवढंच.

हे सोपं वाटतं, पण वर्षानुवर्षं परीक्षेचे उतारे सोडवलेल्या विद्यार्थ्याला ठिपका देऊन पुढे जाणं जिवावर येतं. पहिले काही दिवस तो थांबणारच. रागावू नका, वेळ लावा. सातशे शब्दांचा मजकूर सात मिनिटांत संपवायचा म्हटलं की आपोआप पुढे सरकतो.

पायरी चौथी: अंदाज बांधायला शिकवा

'संदर्भावरून ओळख' हे वाक्य प्रत्येक शिक्षक म्हणतो आणि कसं ओळखायचं ते कोणी दाखवत नाही. एक वाक्य घेऊ: 'द बस लर्च्ड फॉरवर्ड, अँड द ओल्ड मॅन क्लंग टू द पोल.' यात 'लर्च्ड' आणि 'क्लंग' अनोळखी आहेत असं धरा. क्रमाने विचारा.

हा शब्द काय काम करतो आहे, नाव आहे की क्रिया? दोन्ही क्रिया. कोण करतं आहे? एक बस, दुसरी म्हातारा. शेजारी कोण आहे? बसपुढे 'फॉरवर्ड', म्हाताऱ्यापुढे 'टू द पोल'. दोन्ही वाक्यांचं नातं काय? आधी बसचं काहीतरी झालं, त्यामुळे म्हाताऱ्याने खांबाशी काहीतरी केलं. आता तू शांघायच्या बसमध्ये उभा आहेस असं समज, काय झालं असेल? बसने गचका दिला, म्हाताऱ्याने खांब घट्ट धरला. हे उत्तर तो चिनीत देईल, देऊ द्या. मग शब्दकोश उघडायचा, तोही अंदाज तपासायला.

'क्लंग' बघताना आणखी एक गोष्ट दिसते: चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. 'क्लिंग'चं 'क्लंग' होतं हे त्याला वेगळं पाठ करावं लागतं आणि शब्दकोशात 'क्लंग' शोधून तो चक्रावतो. अनियमित रूपांचा तक्ता वाचताना शेजारी उघडा असू द्या.

लांब वाक्यात गाडी अडते ती बऱ्याचदा शब्दांपेक्षा रचनेमुळे. चिनीत 'मी काल घेतलेलं पुस्तक' असं, विशेषण बनलेलं अख्खं उपवाक्य नामाच्या आधी येतं, थेट आपल्यासारखं. इंग्रजीत ते नामाच्या मागून येतं, आणि तेही लांबलचक. त्यामुळे विद्यार्थी नाम वाचतो, पुढचं उपवाक्य वाचता वाचता नाम विसरतो आणि मग म्हणतो, शब्द कळले नाहीत. अशा वाक्यात नामावर चौकोन काढा आणि उपवाक्याला कंस घाला. शब्द नवे नव्हतेच, हे तेव्हा त्याच्या ध्यानात येतं. हे समजावताना तुम्हाला मराठीचा फायदा आहे, कारण तीच उलथापालथ तुम्ही स्वतः केलेली आहे. 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' लिहिणं, 'बिकॉज'नंतर 'सो' लिहिणं, याही चुका चिनी आणि मराठी विद्यार्थ्यांच्या सारख्याच. दोन्ही भाषांत 'जरी'ला 'तरी' लागतं.

आणखी एक पूल आहे. चिनी अक्षरं बहुतांशी दोन भागांची असतात: एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. पाण्याशी संबंधित अक्षरांत डावीकडे पाण्याचं तीन थेंबांचं चिन्ह, झाडांच्या नावांत लाकडाचं. शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावण्याची सवय लहानपणापासून असल्यामुळे 'ट्रान्सपोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'पोर्टेबल' यांतलं 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, हे सांगितलं की त्यांना लगेच पटतं. याचा भरपूर फायदा घ्या, पण नाद लागू देऊ नका. 'रिपोर्ट'मधलं वाहून नेणं आता कोणाला जाणवत नाही, आणि मुळांच्या याद्या पाठ करणं हा पुन्हा तोच जुना रोग.

पायरी पाचवी: कुठले शब्द वहीत जातील

इथे शिक्षकाचा कस लागतो. विद्यार्थ्याचा कल प्रत्येक ठिपका वहीत उतरवण्याकडे असतो. नव्या शब्दांची जाड वही हा चिनी शाळेतला नित्याचा संसार आहे. वीस मिनिटांच्या वाचनातून पाच शब्द, फार तर सात. बाकीचे सोडून द्यायचे.

निवडताना तीन गोष्टी पाहा. शब्द या मजकुरात पुन्हा आला का? तो न कळल्याने गोष्ट अडली का? आणि तो इंग्रजीत सर्वसाधारणपणे वारंवार येणारा आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चांगल्या विद्यार्थी-शब्दकोशांत मिळतं. ते वारंवार येणाऱ्या शब्दांना खूण देतात. वरच्या वाक्यातला 'क्लिंग' वहीत जाईल, 'लर्च' नाही. विद्यार्थ्याला याचं वाईट वाटेल, कारण 'लर्च' जास्त अवघड दिसतो आणि अवघड ते मौल्यवान अशी त्याची समजूत असते. परदेशी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दयादी समोर ठेवावी. तिच्यातली ५७० शब्दकुटुंबं शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात. मजकुरात त्यातला शब्द दिसला की तो वहीत.

आणि अनोळखी शब्दांइतकेच ओळखीचे शब्द तपासा. चिनी शिक्षक यासाठी एक वेगळी संज्ञाच वापरतात, 'ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ', आणि गाओकाओत असे प्रश्न हटकून येतात. 'अ‍ॅड्रेस' म्हणजे पत्ता हे पाठ असतं. 'अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम' आलं की वाक्य कोसळतं. 'फाइन' म्हणजे छान, मग गाडीवाल्याला 'फाइन' का भरावा लागला? 'साउंड स्लीप'मध्ये कसला आवाज? या शब्दांखाली ठिपका पडत नाही, कारण तो शब्द आपल्याला येतो अशी विद्यार्थ्याची खात्री असते. ते तुम्हालाच शोधावे लागतात. मजकूर देण्याआधी तुम्ही स्वतः वाचून असे दोन-तीन शब्द हेरून ठेवा. या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

पायरी सहावी: वहीची मांडणी

एका शब्दाला अर्धं पान. वर शब्द, त्याखाली मजकुरातलं पूर्ण वाक्य जसंच्या तसं, मग शब्दाचे शेजारी, मग विद्यार्थ्याचं स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य, आणि सगळ्यात खाली चिनी अर्थ. चिनी अर्थाला बंदी घालू नका. अर्थ पक्का व्हायला मातृभाषेइतकं जलद काही नाही. फक्त तो शेवटी येऊ दे.

'शेजारी' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण चिनी विद्यार्थ्याच्या चुका बहुतेक इथेच होतात. मँडरिनमधलं 'खाय' हे एकच क्रियापद दार उघडायला, दिवा लावायला, गाडी चालवायला आणि सभा भरवायलाही चालतं. म्हणून 'ओपन द लाइट' येतं. 'खान' हे क्रियापद बघणं, वाचणं आणि डॉक्टरकडे जाणं या सगळ्यांना पुरतं, म्हणून 'वॉच अ बुक'. 'च्ये' म्हणजे उसनं घेणं आणि देणंही, मग 'बॉरो' आणि 'लेंड' यांची गल्लत ठरलेली. औषध चिनीत खातात, इंग्रजीत घेतात. तेव्हा वहीत नुसतं 'मेडिसिन' न लिहिता 'टेक मेडिसिन', नुसतं 'क्लिंग' न लिहिता 'क्लिंग टू'. चिनी लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. इंग्रजीतली जागा पाहून विद्यार्थ्याला वाटतं की जागा आली म्हणजे शब्द संपला, आणि 'गिव्ह अप' हा एकच ऐवज तो दोन तुकडे करून शोधतो.

आकड्यांसाठी वहीच्या शेवटी एक स्वतंत्र पान ठेवा. चिनी माणूस दहा हजारांच्या 'वान'मध्ये मोजतो, आपण लाखात, इंग्रजी मिलियनमध्ये. दहा वान म्हणजे आपला एक लाख, शंभर वान म्हणजे एक मिलियन. बातम्या वाचताना इथे शिकलेसवरलेलेही घसरतात.

दिसायला सारखे शब्दही शेजारी-शेजारी लिहून घ्या: 'अडॅप्ट' आणि 'अडॉप्ट', 'क्वाएट' आणि 'क्वाइट', 'दो', 'थ्रू' आणि 'थरो'. अक्षराचं एकसंध चित्र डोळ्यांत साठवून वाचण्याची सवय असेल तर मधलं एखादं अक्षर निसटून जातं. असे शब्द मोठ्याने वाचायला लावणं हाच उपाय. चिनी शाळांत सकाळी सामुदायिक मोठ्याने वाचण्याचा तास असतो, त्यामुळे याला ते लाजत नाहीत.

पायरी सातवी: शब्द पुन्हा भेटला पाहिजे

एकदा भेटलेला शब्द राहत नाही. किती भेटी लागतात याचे अभ्यासातले आकडे वेगवेगळे आहेत, पण पाच-सहापेक्षा कमीत काम होत नाही आणि दहा-बारा झाल्या तर बरं, असं धरून चाला. चिनी शब्द-ॲपं जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या १८८५ सालच्या विस्मरणाच्या प्रयोगाचं नाव घेऊन ठरावीक दिवसांनी शब्द विचारतात. ती कामाची आहेत. त्यांच्याशी भांडण नको. फक्त ॲपमध्ये त्याने वहीतलेच शब्द टाकावेत, तयार यादी घेऊ नये.

तुमच्याकडून तीन गोष्टी. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मोठ्याने वाचून घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच विषयावरचा दुसरा मजकूर द्या. आठवड्याने पहिल्या मजकुरातले वहीत गेलेले शब्द गाळून तो भरायला द्या. रिकाम्या जागा भरण्याचा हा प्रकार चिनी परीक्षांत नेहमीचा आहे, त्यामुळे सूचना द्याव्या लागत नाहीत. फरक इतकाच की पर्याय द्यायचे नाहीत. पर्यायांतून उत्तर ताडण्यात ही मुलं इतकी तरबेज असतात की शब्द येतो की युक्ती, ते कळत नाही.

पायरी आठवी: वाचलेलं लिहिण्यात उतरवा

गाओकाओच्या नव्या रूपात एक प्रश्न फार चांगला आहे: साधारण साडेतीनशे शब्दांची अपुरी गोष्ट देतात आणि पुढचे दोन परिच्छेद विद्यार्थ्याने पुरे करायचे. दीडशे शब्द, २५ गुण. झेजियांग प्रांतात २०१६ मध्ये तो पहिल्यांदा आला आणि मग पसरला. परीक्षा असो वा नसो, तुम्ही हा प्रकार उचला. गोष्ट अर्ध्यावर थांबवा आणि पुढचं लिहायला सांगा. अट एकच, वहीतले पाचपैकी तीन शब्द त्यांच्या शेजाऱ्यांसकट आले पाहिजेत. म्हाताऱ्याने खांब सोडल्यावर काय झालं, हे लिहिताना 'क्लिंग टू' आपोआप दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वापरला जातो. तपासताना काळ आणि अनेकवचनाच्या चुका लाल करत बसू नका. त्या दिवशी फक्त ते तीन शब्द तपासा.

प्रौढ, नोकरदार विद्यार्थ्याला गोष्ट नको असते. त्याला वाचलेल्या बातमीवर सहकाऱ्याला पाठवायचा चार ओळींचा ईमेल लिहायला द्या, अट तीच.

परीक्षा जवळ आल्यावर

कॉलेजच्या चौथ्या पातळीच्या परीक्षेत एकूण ७१० गुणांपैकी ३५ टक्के वाचनाचे असतात, त्यामुळे परीक्षेच्या महिनाभर आधी विद्यार्थी पुन्हा यादीकडे पळतो. पळू द्या, त्याला अडवून भरवसा घालवू नका. मात्र रोजचं वीस मिनिटांचं वाचन दहा मिनिटांवर आणा, शून्यावर नको. नवे शब्द वहीत घेणं थांबवा आणि जुनी वही उलटी, शेवटच्या पानापासून वाचायला लावा. जुन्या प्रश्नपत्रिकांतले उतारे उत्तरं न सोडवता, नुसते वाचायला द्या. तेच उतारे त्याने प्रश्नांसाठी पंचवीस वेळा चाळलेले असतात आणि त्यात लिहिलंय काय, हे पहिल्यांदा कळून त्याला हसू येतं.

पातळी कधी वाढवायची, हा प्रश्न परीक्षेनंतर येतो. सलग तीन मजकुरांत शंभर शब्दांमागे एकच रेघ आली, किंवा आलीच नाही, की वरच्या पातळीचं पुस्तक द्या. पहिला आठवडा वेग निम्मा होईल आणि विद्यार्थी जुनं पुस्तक मागेल. झोपण्याआधी जुनं, दिवसा नवं, असं वाटून द्यायला काहीच हरकत नाही.